चक्कर: किती वेळ टिकते आणि कशाने येते? (तोलाच्या जुनाट तक्रारींचा धागा)

तिरपा_टाका
चक्कर या एकाच शब्दात आपण निदान चार गोष्टी कोंबतो. खोली गरगरा फिरते, तीही चक्कर. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही चक्कर. चालताना एका अंगाला झोक जातो आणि दिवसभर होडीत बसल्यासारखं डुलत राहतं, त्यालाही चक्करच म्हणतात. डॉक्टरांपुढे बसलं की तोंडातून "चक्कर येते" एवढंच निघतं, कागदावर एक गोळी येते, आणि ती गोळी मग वर्षानुवर्षं चालू राहते.

"कशी वाटते" याच्या वर्णनात फार अडकू नका. तोच माणूस अर्ध्या तासाने वेगळे शब्द वापरतो. कामाचे प्रश्न दोनच: एका खेपेला किती वेळ टिकते, आणि कशाने सुरू होते?

काही सेकंद, जास्तीत जास्त मिनिटभर, तीही आडवं होताना, कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केल्यावर: कानातले खडे जागेवरून हललेत (बीपीपीव्ही). उभं राहिल्यावरच येते, पडून असताना कधीच नाही: आधी रक्तदाब बघा. २० मिनिटं ते १२ तास, सोबत एका कानात दडा, घूंऽऽ आवाज आणि त्याच कानाने कमी ऐकू येणं: मेनिए नावाचा अंतर्कर्णाचा आजार. ५ मिनिटं ते ७२ तास, उजेड-आवाज नकोसा, पूर्वी अर्धशिशीचा त्रास: व्हेस्टिब्युलर मायग्रेन, यात त्या वेळी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. अचानक सुरू होऊन सलग दोन-चार दिवस, ओकाऱ्या, डोळे उघडवत नाहीत: तोलाच्या नसेचा दाह, नाहीतर पक्षाघात. आणि तीन महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, उभं राहिलं किंवा गर्दीत गेलं की वाढणारी डुगडुग: पीपीपीडी, त्यावर पुढे कोणीतरी सविस्तर लिहाच.

एकाच माणसाला यांतल्या दोन असू शकतात. खडे जागेवर बसले, गरगर थांबली, पण डुगडुग उरली, हे फार वेळा दिसतं.

एक वही करा. तारीख, वेळ, किती मिनिटं, तेव्हा काय चाललं होतं, कानात काय झालं, आदल्या रात्रीची झोप, जेवणाला उशीर, बायकांनी पाळीचा दिवस. आणि खेप चालू असताना घरच्या कोणाला तरी मोबाइलवर डोळ्यांचं चित्रण करायला सांगा. दोन्ही डोळे चौकटीत मावतील इतकं जवळून, भरपूर उजेडात, पापण्या उघड्या ठेवून. दहा सेकंद समोर, दहा उजवीकडे, दहा डावीकडे बघायचं. बुबुळं कुठल्या दिशेला झटके देतात हे त्यात पकडलं गेलं तर तपासणीचं निम्मं काम झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते झटके बहुधा थांबलेले असतात.

घाटमाथा
पुढची चर्चा वाचण्याआधी हे वाचा. चक्कर आणि त्यासोबत यांपैकी काहीही असेल तर वही नको, १०८ ला फोन लावा: एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना ठसका, चेहऱ्याचा किंवा हातापायाचा एका बाजूला बधिरपणा वा लुळेपणा, आधाराशिवाय बसतासुद्धा न येणं, कधी नव्हे इतकी मान किंवा डोकं दुखणं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवायचं, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त.

मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात हुबेहूब कानाच्या चक्करसारखा येऊ शकतो. "सीटी स्कॅन नॉर्मल आला" म्हणून निश्चिंत होऊ नका, त्या भागातला ताजा पक्षाघात सीटीत सहज निसटतो. पहिल्या दोन दिवसांत एमआरआयसुद्धा कधीकधी चुकतो. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे "रात्रभर बघू, पित्त असेल" हा विचार महागात पडतो.

रानमेवा
उत्तम धागा. खड्यांचं जरा उलगडून सांगाल का? कानात खडे म्हटल्यावर लोक मुतखड्यासारखं काहीतरी समजतात आणि सोनोग्राफी विचारतात.

तिरपा_टाका
अंतर्कर्णात युट्रिकल नावाची एक पिशवी आहे. तिच्यात चिकट गादीवर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बसलेले असतात. प्रत्येकाच्या कानात ते असतातच, आणि गुरुत्वाची दिशा त्यांच्यामुळेच कळते. वयाने, डोक्याला मार लागून किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर काही कण सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. नळ्या तीन आहेत. मागची सगळ्यात खाली लोंबते, म्हणून कण बहुधा तिच्यातच जाऊन पडतात. नळीत पाणी असतं. तुम्ही आडवं झालात की कण घरंगळतात, पाणी ढकललं जातं, आणि मेंदूला निरोप जातो की डोकं वेगाने फिरतंय. कण तळाला टेकले की सगळं शांत. म्हणून सेकंदांचा खेळ, आणि म्हणूनच गोळीने तो सुटत नाही. नळीत अडकलेला कण गोळी कशी बाहेर काढणार?

ही तपासायची रीत १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी लिहिली. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी कण नळीतून घरंगळवत परत पिशवीत पाडायची कृती शोधली, तिचा सविस्तर लेख आला १९९२ मध्ये. सुरुवातीला त्यांची थट्टाच झाली होती. आज जगभर पहिला उपाय तोच.

बाजू कशी ओळखायची: पलंगावर पाय लांब करून बसा. पाठीमागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा आणि चटकन मागे आडवं व्हा. डोकं किंचित मागे लोंबलं पाहिजे. डोळे उघडे. दोन-पाच सेकंद काहीच होत नाही, मग गरगर सुरू होते, वाढते आणि मिनिटाच्या आत ओसरते. उठून बसा, पाच मिनिटं थांबा, डावीकडे तेच करा. ज्या बाजूला गरगर आली तो कान. दोन्हीकडे आली तर जिकडे जोर जास्त तो आधी. सोबत कोणीतरी असल्याशिवाय हे करू नका.

उजव्या कानासाठी एप्ली:
१. बसून डोकं उजवीकडे ४५ अंश. त्याच स्थितीत मागे आडवं. गरगर थांबेपर्यंत आणि त्यावर आणखी ३० सेकंद.
२. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश फिरवा, म्हणजे आता नाक डावीकडे ४५ अंशांवर. ३० सेकंद.
३. अख्खं अंग डाव्या कुशीवर घ्या आणि डोकंही तेवढंच पुढे, म्हणजे नाक तिरकं गादीकडे. ३० सेकंद. इथे पुन्हा गरगर आली तर घाबरू नका, कण योग्य दिशेने चाललेत.
४. हनुवटी छातीशी ठेवून डाव्या अंगावरून पाय खाली सोडत उठा. मिनिटभर पलंगाची कड धरूनच बसा.

डाव्या कानासाठी सगळं उलट. दिवसातून तीनदा, आणि पूर्ण २४ तास गरगर न येईपर्यंत.

फुलपात्र
यात लोक कुठे चुकतात ते सांगते. पहिली चूक उशीची. नेहमीच्या सवयीने ती डोक्याखाली घेतात, डोकं लोंबतच नाही, कण जागचे हलत नाहीत. दुसरी, दुसऱ्या पायरीवर मान फिरवताना डोकं वर उचलतात, म्हणजे कण आले तसे परत. तिसरी, गरगर सुरू झाली की घाबरून उठून बसतात. चौथी, बाजू न तपासता आंतरजालावरच्या चित्रफितीत जी बाजू दाखवली तीच करतात. आणि पाचवी म्हणजे उठल्याबरोबर उभं राहणं. शेवटच्या पायरीनंतर काही जणांना कोणीतरी ढकलल्यासारखा जोराचा झोक येतो, तेव्हा पलंगावरून पडलेले लोक आहेत.

मानेचं मोठं दुखणं वा शस्त्रक्रिया, डोळ्याचा पडदा सुटलेला, गळ्याच्या धमनीचा आजार, अशांनी घरी करू नये. तज्ज्ञ मान न वाकवता अख्खा पलंग कलवून करतात.

जुनी_पेटी
एप्लीनंतर ४८ तास बसून झोपायचं, मान सरळ ठेवायची, पट्टा लावायचा, हे राहिलं.

फुलपात्र
जुनी_पेटी, ते आता सांगत नाहीत. तसं केलं काय आणि न केलं काय, फरक नगण्य निघाला. उलट पट्ट्याने मान आखडते आणि नवीन तक्रार सुरू होते. त्या दिवशी सर्वांगासन, हलासन आणि न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकणं टाळा, बाकी रोजचं जगा.

आणखी एक. एप्ली केल्यावर पूर्वीपेक्षा भयंकर गरगर, आणि तीही आता पडल्यापडल्या दोन्ही कुशींवर वळताना येऊ लागली, तर कण मागच्या नळीतून आडव्या नळीत गेलेत. एप्ली करत बसू नका, तिथे तिचा उपयोग नाही. आडव्या नळीसाठी लोळत जायची वेगळी कृती आहे, चांगल्या कानाच्या दिशेने ९०-९० अंशांनी. पण यात कधी जास्त गरगरणारी बाजू दोषी असते, कधी कमी गरगरणारी, ते बुबुळांच्या झटक्यांवरून ठरतं. तिथे तज्ज्ञच हवा.

घाटमाथा
खडे परत सुटतात हेही सांगून ठेवलेलं बरं. पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा होतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या मोठ्या चाचणीत, ज्यांचं ड २० च्या खाली होतं त्यांना रोज दोनदा ४०० युनिट ड आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम वर्षभर दिलं, तेव्हा पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे चोवीस टक्क्यांनी घटलं. जादू नाही, पण स्वस्त आहे.

काथ्याकूट
सर्व्हायकल स्पॉन्डिलायटिसचा विषय कोणीच काढला नाही? निम्म्या महाराष्ट्राला त्याचीच चक्कर येते!

तिरपा_टाका
हा हा. पन्नाशीनंतर कोणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणके झिजलेले दिसणारच. चक्कर आहे, एक्स-रेत झीज आहे, म्हणून झिजेमुळे चक्कर, हा हिशेब बहुतेक वेळा खोटा ठरतो. मान वर केल्यावर चक्कर आली तर मान हलली तसा कानही हललाच ना? आधी खड्यांची तपासणी करा, दोन मिनिटं लागतात. मानेचा पट्टा घालून वर्ष काढलेल्या कित्येकांचं दुखणं एका एप्लीत जातं. पट्ट्याने मान हलत नाही, म्हणून गरगर येत नाही, म्हणून पट्टा लागू पडतोय असं वाटत राहतं. फसवणूक अशी होते.

गॅस डोक्यात चढणे, पित्त, "लो बीपी", यांच्याबद्दलही हेच. मळमळ हा चक्करचा परिणाम असतो, लोक त्याला कारण समजतात.

सांजवात
लो बीपी अगदीच मोडीत काढू नका. फक्त ते मोजून सिद्ध करा. पाच मिनिटं पडून राहा, दाब घ्या. उभं राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर उभं राहण्याचाच दोष. दाब पडत नाही पण दहा मिनिटांत नाडी ३० ने वाढते (पोरासोरांत ४० ने), तो वेगळा प्रकार, तोही डॉक्टरांना आकड्यांसकट दाखवा. बसून घेतलेल्या एका मोजणीवरून यातलं काहीच कळत नाही.

औषधांची पिशवी उघडा. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, झोपेच्या, नैराश्याच्या जुन्या गोळ्या. मनाने बंद करू नका, वेळ बदलता येते का ते विचारा. सकाळी उठताना पलंगावरच पावलं वीस-तीस वेळा वरखाली, मग मिनिटभर पाय सोडून बसायचं, मग उभं. उठण्याआधी दोन फुलपात्रं पाणी भराभर पिण्याने अर्ध्या तासासाठी दाब सावरतो. हृदय वा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून सांगितलं असेल तर मात्र नाही. दिवाळीच्या पहाटेचं कढत पाण्याचं अभ्यंगस्नान आणि पाटावरून झटकन उठणं हा भोवळ यायचा हमखास मुहूर्त. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात.

रानमेवा
गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहा कोणीतरी. बीटाहिस्टिन घरोघरी असते.

घाटमाथा
दोन गट वेगळे धरा. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन वगैरे गोळ्या तोलाच्या यंत्रणेला गुंगवतात. ओकाऱ्या होऊन माणूस आडवा पडलाय तेव्हा दोन-तीन दिवस त्या वरदान आहेत. पुढे नाही. एका कानाची नस बिघडली की मेंदू दोन्ही कानांतला फरक चुकांवरून शिकतो आणि सांधून घेतो. गोळी ती चूकच दाबून टाकते, मग शिकणार काय? शिवाय म्हाताऱ्या माणसांना या दोन्ही गोळ्या महिनोन्महिने दिल्या तर हातांना कंप, चाल मंद, चेहरा मख्ख, असा पार्किन्सनसारखा त्रास होतो. मग त्यावर आणखी एक गोळी. सत्तरीच्या पुढच्या माणसाचं असं काही दिसलं तर आधी चक्करची गोळी किती दिवस चालू आहे ते विचारा.

बीटाहिस्टिन गुंगवत नाही. ती मेनिएसाठी दिली जाते. पण जर्मनीत २२१ रुग्णांवर नऊ महिने झालेल्या चाचणीत (निकाल २०१६) कमी मात्रा, जास्त मात्रा आणि नुसती साखरेची गोळी या तिन्ही गटांत खेपा सारख्याच कमी झाल्या.

जुनी_पेटी
म्हणून ती निरुपयोगी असं म्हणणं धाडसाचं आहे. मेनिए स्वतःहून चढउतार घेतो, चाचणीत येईपर्यंत माणूस वाईट काळात असतो, पुढे बरा काळ येणारच. तज्ज्ञ आजही देतात, अपाय फारसा नाही.

घाटमाथा
अपाय कमी, हे मान्य. माझा आक्षेप खड्यांवर, मायग्रेनवर, रक्तदाबावर, सगळ्यावर तीच देण्याला आहे. मेनिएतसुद्धा मीठ आधी. सोडियम दिवसाला दीड ते दोन ग्रॅम ठेवायला सांगतात. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, त्यात सोडियम २.३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे भाजी, आमटी, कणीक सगळं धरून पाऊण चमच्याच्या आत, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट बसत नाही. दिवसातलं मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवायचं आणि त्यातूनच स्वयंपाक करायचा, अंदाज आपोआप येतो. एक दिवस अळणी आणि दुसऱ्या दिवशी लग्नाची पंगत, यापेक्षा रोज सारखं बरं.

सांजवात
मायग्रेनवाल्यांसाठी थोडक्यात: उपाशी राहणं, जागरण आणि कमीजास्त चहा हे तीन मोठे शत्रू. संकष्टीला दिवसभर चहावर राहून चंद्रोदयाला जेवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी खेप येते, वहीत ते लख्ख दिसतं. उपवास करायचाच तर दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त घेतल्या तर त्यांनीच डोकेदुखी वाढते. खेपा वारंवार असतील तर प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, ॲमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादं रोज देतात; दमेकऱ्यांना पहिलं चालत नाही, एवढं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

फुलपात्र
आता व्यायाम. नस बिघडून गेली, गरगर संपली, पण मान वळवली की दृश्य मागून ओढत येतं, अशांसाठी गोळीपेक्षा हाच उपाय. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी इंग्लंडमध्ये हे सुरू केलं, आता ते बरंच नेमकं झालंय.

एका पुठ्ठ्यावर सेंटिमीटरभर उंचीचा "क" काढा. हात लांब करून धरा किंवा भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. नजर "क" वर खिळवून डोकं "नाही नाही" म्हणतो तसं, प्रत्येक बाजूला वीस-तीस अंश. वेग असा की अक्षर जेमतेम स्पष्ट राहतं. अक्षर पुसट व्हायला लागलं की किंचित कमी करा. तो काठच पकडायचा असतो, आरामात केलं तर फुकट. एक मिनिट आडवं, थोडी विश्रांती, एक मिनिट "हो हो" म्हणतो तसं उभं. दुखणं जुनं असेल तर दिवसभरात मिळून २० मिनिटं भरली पाहिजेत, तीन ते पाच बैठकींत.

चढत्या पायऱ्या: बसून, पाय फाकवून उभं, पाय जुळवून, घडी घातलेल्या घोंगडीवर किंवा जाड उशीवर, मग चालताना. मागची भिंत आधी कोरी, मग चौकड्यांची चादर टांगून. चालायला फरशीचा सांधा वापरा: टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत, पाठ कोपऱ्याकडे किंवा एका हाताला भिंत. मग तीन पावलं उजवीकडे बघत, तीन डावीकडे.

मापाचा नियम असा. व्यायामाआधीच्या त्रासाला दहापैकी आकडा द्या. व्यायामाने तो दोन-तीनने वाढला पाहिजे आणि १५-२० मिनिटांत उतरला पाहिजे. अजिबात वाढला नाही तर व्यायाम सोपा पडतोय. संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर जास्त झाला, उद्या निम्मा करा. बंद करू नका. सहा ते आठ आठवडे धरून चाला. आणि नुसते डोळे फिरवणं म्हणजे हा व्यायाम नव्हे, डोकं हललं पाहिजे.

काथ्याकूट
चालताना काठी घ्यावी की नाही? दोन डॉक्टर दोन सांगतात.

फुलपात्र
दोघंही बरोबर असतील, रोग कुठला त्यावर आहे.

दोन्ही कान निकामी असतील तर काठी बेलाशक घ्या. क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनची इंजेक्शनं झालेल्यांत हे आढळतं, आणि यांना गरगर अजिबात नसते म्हणून निदान हुकतं. उजेडात सपाटीवर ठीक, अंधारात किंवा वाळूत भेलकांडतात, आणि चालताना दुकानाच्या पाट्या उड्या मारतात. १९५२ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःची अशी अवस्था लिहिली: अंथरुणात वाचताना छातीच्या ठोक्यांनी डोकं हलून अक्षरं नाचायची, म्हणून तो पलंगाच्या गजांत डोकं घट्ट टेकवून वाचायचा. तोलाला तीन टेकू असतात, कान, डोळे आणि तळपाय. कान गेले की उरलेले दोन जपायचे. मधुमेहाने तळवे बधिर झालेत का, बी-१२ कमी आहे का (शाकाहाऱ्यांनी तर नक्की), मोतीबिंदू पिकलाय का ते बघा. काठी हाताने जमिनीची खबर देते, म्हणजे चौथा टेकू.

पीपीपीडीत मात्र काठी शक्यतो नको.

तिरपा_टाका
हो, त्यावर लिहायचं राहिलंच. याचे निकष बाराणी सोसायटी या तोलाच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये ठरवले, त्यामुळे जुन्या कागदांवर हे नाव सापडणार नाही, "टेन्शन" असं काहीतरी असेल. कधीतरी खरीखुरी चक्कर येऊन गेलेली असते, खडे, नसेचा दाह किंवा घाबरून आलेली भोवळ. तेव्हा मेंदू आणीबाणीच्या पवित्र्यात जातो: पिंढऱ्या ताठ, पावलं छोटी, कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त. मूळ कारण गेलं तरी पवित्रा सुटत नाही. निसरड्या फरशीवर चालताना जशी चाल होते, तशी कोरड्या फरशीवर कायमची. डोळ्यांवर भिस्त असल्यामुळे डोळ्यांपुढे जे हलतं ते सगळं अंगावर येतं: मॉलमधल्या मांडण्या, सरकता जिना, स्टेशनवर समोरून येणारा लोंढा, मोबाइलवर भराभर सरकणारा मजकूर. तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात, कारण यंत्र शाबूत आहे, वापर बिघडलाय. म्हणून "काही झालेलं नाही" हे उत्तर चूक आणि "मनाचे खेळ" हेही चूक.

काठी, भिंत, ढकलगाडीचा दांडा, दुसऱ्याचा दंड, यांनी पवित्रा आणखी पक्का होतो. उपचार तीन मिळून: वरचेच व्यायाम पण निम्म्याने सुरू करून, एसएसआरआय गटातली (नैराश्य-चिंतेवर देतात ती) गोळी अगदी कमी मात्रेपासून (फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, पहिल्या पंधरवड्यात उलट वाटलं तर सोडू नका, डॉक्टरांशी बोला), आणि भीती-टाळाटाळीचं चक्र मोडायला समुपदेशन. दुकानाचा सराव असा: दुपारची रिकामी वेळ, पाच मिनिटं, एकच रांग, नजर रांगेच्या टोकाला. आठवडाभर तेवढंच. मग दहा मिनिटं. मग मांडणीवरचा एखादा डबा शोधत. संध्याकाळची गर्दी सगळ्यात शेवटी. एकदम आषाढीच्या गर्दीत शिरून भीती जात नाही, महिनाभर मागे जायला होतं.

रानमेवा
एक सुधारणा, बाराणी नव्हे, बारानी. रॉबर्ट बारानी, १९१४ चं नोबेल कानाच्या याच अभ्यासासाठी.

तिरपा_टाका
बरोबर, चुकलंच. आभार. कानात गरम-गार पाणी सोडून करायची तपासणीही त्यांचीच. त्यावरून आठवलं: ही किंवा चष्म्यातल्या कॅमेऱ्याने बुबुळांचे झटके टिपणारी व्हीएनजी चाचणी असेल तर गुंगवणाऱ्या गोळ्या ४८ तास आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल भलताच येतो. वेळ घेतानाच कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा. फिटच्या आणि हृदयाच्या गोळ्या मनाने थांबवू नका. आणि सोबत ऐकण्याची चाचणी केल्याशिवाय परत येऊ नका, मेनिएचा निवाडा तिच्यावर होतो.

सांजवात
घरातली कामं सांगते, यादी लांबेल म्हणून निवडक. न्हाणीघरात डोक्यावरून तांब्या घेताना डोळे मिटतात, पाय ओल्या फरशीवर असतात, म्हणजे तीनपैकी दोन टेकू एकदम जातात. स्टुलावर बसून आंघोळ, रबरी चटई, आणि भिंतीत स्क्रूने पक्का केलेला दांडा. शोषपकडीचे दांडे टाइल्सवरून निसटतात, त्यांचा भरवसा नको. भारतीय संडास असेल तर उठताना धरायला समोर दांडा. छताच्या दोरीवर कपडे वाळत घालणं बंद, खाली उतरणाऱ्या कप्पीच्या काठ्या किंवा घडीचा स्टँड. रोजचे डबे खांद्याच्या उंचीला. जिना उतरताना प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून पायरी पुसट दिसते, तिथे दूरचा साधा चष्मा.

घाटमाथा
प्रवासाचं मी घालतो. एसटीत पुढच्या चाकाजवळची बाजू, उलट्या तोंडाची सीट नको, घाटात मोबाइल बंद आणि नजर लांबच्या वळणावर. लोकलमध्ये दारात नको, पावलं खांद्याएवढी फाकवून, गाडीच्या दिशेला किंचित तिरकं उभं राहून कडीऐवजी खांब धरायचा. कडी स्वतःच झुलते.

काथ्याकूट
रात्री उठण्याचं कोणी लिहिलं नाही. दोन्ही कान गेलेल्यांना तोच मोठा प्रश्न.

सांजवात
हालचालीवर लागणारे छोटे दिवे मिळतात. पलंग ते संडास या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला तीन लावा. वर लावले तर डोळे दिपतात आणि पावलांपुढची फरशी काळीच राहते. मधे पायपुसणं ठेवायचं नाही. आणि बॅटरी उशीखाली नको, शोधताना डोकं खाली जातं. मनगटात अडकवायची दोरी लावून पलंगाच्या कडेला टांगा.